सोबत धावणारा

दिवाळी अंकासाठी यंदा कोणत्या विषयावर लिहीत आहात, असे परवा एका स्नेह्यांनी मला विचारले. मी म्हणालो, "एका जर्मन फुटबॉल प्रशिक्षकाच्या कारकिर्दीवर." ते क्षणभर माझ्याकडे पाहतच राहिले. माझा सारा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेला, हे त्यांना पुरते ठाऊक. "म्हणजे इतिहास सोडलात म्हणायचा!" असे हसून म्हणाले आणि त्यांनी चहाचा कप पुढे ओढला.

इतिहास मी सोडलेला नाही. राजे, सेनापती, तह आणि सनावळ्या यांवर मी पस्तीस वर्षे तास घेतले. पण त्या साऱ्या गर्दीत एक माणूस मला कधीच फळ्यावर लिहिता आला नाही. तो जुलमी नसतो आणि हुतात्माही नसतो. राज्य कोणाचेही येवो, तो सकाळी आपल्या कामावर वेळेवर हजर असतो. पाठ्यपुस्तकात त्याच्या वाट्याला एक ओळसुद्धा येत नाही, आणि खरे पाहता कोणत्याही काळात बहुसंख्य माणसे तीच असतात. झेप हेर्बर्गर हा त्या माणसाचा मला सापडलेला सर्वांत स्पष्ट नमुना आहे. कैसरच्या राज्यात तो जन्मला, वायमार प्रजासत्ताकात खेळला, हिटलरच्या राज्यात राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला आणि पश्चिम जर्मनीच्या लोकशाहीत राष्ट्रपुरुष ठरला. चार राजवटी त्याच्या डोक्यावरून गेल्या. त्याची नजर मात्र चेंडूवरून कधी हलली नाही.

योझेफ या नावाचे घरगुती रूप झेप. आपल्या कानांना ते मोठे उत्साही वाटते. पण झेप घेणे या गृहस्थाच्या स्वभावात नव्हते. तो पाऊल मोजून टाकणारा माणूस. मानहाइम शहराच्या वाल्डहोफ या कारखान्यांच्या वस्तीत २८ मार्च १८९७ रोजी त्याचा जन्म झाला. बाप आरशांच्या काचा बनवणाऱ्या कारखान्यात मजूर. तो १९०९ साली वारला. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोर मोलमजुरीला लागले. गरिबीतून वर आलेल्या माणसाला दोन गोष्टी आयुष्यभर पुरतात : पुन्हा खाली जाण्याची भीती, आणि हातातले काम जिवापाड धरून ठेवण्याची सवय. हेर्बर्गरच्या पुढच्या साऱ्या वागण्याची किल्ली मला या दोहोंत दिसते.

पहिल्या महायुद्धात तो सैनिक होता. युद्धानंतर वाल्डहोफच्या संघातला त्याचा खेळ गाजू लागला आणि १८ सप्टेंबर १९२१ रोजी हेल्सिंकीला फिनलंडविरुद्ध तो जर्मनीकडून प्रथम खेळला. सामना ३–३ असा बरोबरीत सुटला. त्यांतले दोन गोल हेर्बर्गरचे. हेल्सिंकी हे गाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

पण त्याच सुमारास एक बालंट त्याच्यावर आले. मानहाइमच्याच दुसऱ्या एका क्लबाकडून त्याने दहा हजार मार्क घेतले आणि शेवटी गेला तिसऱ्याच क्लबात. जर्मन फुटबॉलमध्ये त्या काळी हौशीपणाचे सोवळे फार कडक होते. खेळासाठी पैसा घेणे म्हणजे खेळ बाटवणे! हेर्बर्गरला धंदेवाईक ठरवून कायमचे बाहेर काढण्यात आले. पुढे ती शिक्षा एका वर्षावर आली. पण डाग राहिलाच. ज्या घरात कर्ता पुरुष लवकर गेला त्या घरातल्या पोराने पायांच्या कौशल्याचे दाम घेतले, यात आज आपल्याला काही वावगे वाटणार नाही. त्याने मात्र त्यातून एक धडा कायमचा घेतला असावा : वरच्या मंडळींशी वाकडे घ्यायचे नाही.

१९२६ साली तो बर्लिनला टेनिस बोरुसिया या क्लबात गेला. तेथे ऑटो नेर्ट्स या गुरूच्या आधाराने शारीरिक शिक्षणाच्या उच्च विद्यालयात त्याला प्रवेश मिळाला. ज्याने शाळेची शेवटची परीक्षाही दिली नव्हती, त्या मजुराच्या मुलाने १९३० साली तेथला अभ्यासक्रम उत्तम रीतीने पुरा केला. १९३२ साली पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने त्याला प्रशिक्षक नेमले. आता पगार होता, पद होते, आणि वहीत टिपणे करायला खेळाडू होते. हेर्बर्गरच्या वह्या हा एक स्वतंत्रच विषय आहे. त्याने मागे ठेवलेल्या कागदपत्रांच्या फायली तीनशेहून अधिक भरतात. कोणाचा डावा पाय कच्चा, कोण पावसात बरा खेळतो, कोण कोणाच्या शेजारी झोपला तर नीट झोपतो, हे सारे तो लिहून ठेवी.

१ मे १९३३ रोजी हेर्बर्गर नाझी पक्षाचा सभासद झाला.

या वाक्यापाशी मी पुष्कळ दिवस थांबलो होतो. हिटलर सत्तेवर येऊन तीन महिने झाले होते आणि नोकरीपेशातले लोक रांगा लावून पक्षात शिरत होते. हेर्बर्गर कोठे भाषणे देत फिरला नाही, त्याने कोणाचा छळ केल्याचा पुरावा नाही. त्याने फक्त नाव नोंदवले. आता त्याच वर्षी, त्याच देशात, त्याच खेळात आणखी काय घडले ते पाहा. एप्रिलमध्ये दक्षिण जर्मनीतल्या प्रमुख क्लबांनी ज्यू सभासदांना काढून टाकण्याची तयारी जाहीर केली. त्यांत कार्ल्सरुहेचा जुना नामांकित क्लब होता. युलियुस हिर्श हा त्या क्लबाचा आणि जर्मनीचा माजी खेळाडू, पहिल्या महायुद्धात देशासाठी लढलेला. त्याने ती बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि स्वतःच राजीनामा लिहून पाठवला. हिर्शचा जोडीदार गॉटफ्रीड फुक्स याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये रशियाविरुद्ध एकाच सामन्यात दहा गोल केले होते. वाल्डहोफच्या पोरसवदा झेपचे दैवत हाच फुक्स होता. पुढे १९३९ साली 'किकर' नियतकालिकाने जर्मन राष्ट्रीय खेळाडूंचे पुस्तक काढले, त्यात ही दोन्ही नावे गाळलेली होती.

आता राष्ट्रीय संघाकडे वळू. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जर्मन संघ ७ ऑगस्टला नॉर्वेशी खेळला. प्रेक्षकांत खुद्द हिटलर होता. सोपा म्हणून धरलेला तो सामना जर्मनी ०–२ असा हरली. नेर्ट्सचा सहायक असलेला हेर्बर्गर त्या वेळी दुसरा एक सामना पाहायला गेला होता. परत आल्यावर डुकराच्या मांसाचे जेवण पुढ्यात असतानाच त्याला पराभवाची वार्ता कळली आणि तो पदार्थ त्याने पुन्हा आयुष्यात तोंडाला लावला नाही, असे सांगतात. नेर्ट्सचे आसन डळमळले आणि हळूहळू सूत्रे हेर्बर्गरच्या हाती आली. गुरूच्या पडझडीवर शिष्याची बढती उभी राहिली. मे १९३७ मध्ये ब्रेस्लाउला त्याच्या संघाने डेन्मार्कचा ८–० असा धुव्वा उडवला. त्यात वाल्डहोफच्याच ऑटो झिफ्लिंगने पाच गोल केले. अकरा माणसे एका मनाने कशी खेळतात, हे हेर्बर्गरने त्या दिवशी प्रथम जगाला दाखवले.

तो संघ त्याला फार दिवस लाभला नाही. मार्च १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळली. दोन देशांचा एक देश झाला, तेव्हा दोन संघांचा एक संघही झालाच पाहिजे, असा वरून आदेश आला. एका बाजूचे सहा आणि दुसऱ्या बाजूचे पाच, असे ते प्रमाण. व्हिएन्नाचा खेळ म्हणजे आखूड पासांची नाजूक वीण. जर्मन खेळ आखीव, जोरकस, दमदार. दोन घराण्यांच्या गवयांना एका तंबोऱ्यावर बसवून पंधरा दिवसांत एकच ख्याल गायला सांगावे, तसा हा प्रकार. हेर्बर्गरला त्यातला वेडेपणा कळत होता. त्याने कुरकुर केली आणि संघ निवडला. पॅरिसमधल्या विश्वचषकात स्वित्झर्लंडशी पहिला सामना १–१ असा सुटला. ९ जूनच्या फेरसामन्यात दोन गोलांची आघाडी घेऊनही जर्मनी २–४ अशी हरली आणि पहिल्याच फेरीत घरी परतली.

ऑस्ट्रियाचा सर्वश्रेष्ठ खेळाडू माथियास झिंडेलार या संघात आला नाही. वयाचे आणि दुखऱ्या गुडघ्याचे कारण सांगून त्याने नकार दिला आणि जानेवारी १९३९ मध्ये तो विषारी वायूने गुदमरून मेला. पुढे लोकांनी त्याला हुतात्मा केले. पण त्याच झिंडेलारने १९३८ साली एका ज्यू मालकाला सोडावे लागलेले कॉफीगृह विकत घेतले होते, हेही खरे. इतिहासात धुतलेला तांदूळ शोधायला निघालेल्या माणसाचे सूप बहुधा रिकामेच राहते.

मग युद्ध आले. आणि येथे हेर्बर्गरच्या बाजूने बोलणारा पुरावा सुरू होतो. आपले खेळाडू आघाडीवरून मागे ओढून आणण्यासाठी त्याने जिवाचे रान केले. सेनाधिकाऱ्यांना पत्रे लिहिली, शिबिरांची निमित्ते काढली, कोणाच्या बदल्या करवल्या. १९४२ साली पडद्यावर आलेल्या एका फुटबॉलपटाचा तो सल्लागार होता. त्या चित्रणाच्या सबबीखालीही काही खेळाडूंना दिवस काढता आले. हेर्मान ग्राफ हा नावाजलेला लढाऊ वैमानिक स्वतः हौशी गोलरक्षक होता. त्याच्या हवाई तुकडीच्या संघात राष्ट्रीय खेळाडूंची सोय लावण्यात हेर्बर्गरचा हात होता. कायझरस्लाउटर्नचा फ्रिट्स वाल्टर त्यांतला एक. जुलै १९४० मध्ये पहिल्याच आंतरराष्ट्रीय सामन्यात तीन गोल करणाऱ्या या लाजाळू, हळव्या मुलावर निपुत्रिक हेर्बर्गरने पोटच्या पोरासारखी माया केली.

पण या नाण्याची दुसरी बाजू झाकता येत नाही. ज्या सामन्यांसाठी तो या मुलांना मागे आणत होता, ते सामने राजवटीला हवे होते. रशियाच्या बर्फात लाखो माणसे मरत असताना देशात सारे सुरळीत चालले आहे, असे दाखवायला राष्ट्रीय संघासारखा दुसरा देखावा नव्हता. २० एप्रिल १९४१ रोजी, म्हणजे हिटलरच्या वाढदिवशी, जर्मनी स्वित्झर्लंडकडून १–२ अशी हरली, तेव्हा गोबेल्स खवळला. निकालाविषयी तिळमात्र शंका असेल तर परदेशाशी सामनाच ठेवू नये, असे त्याचे म्हणणे पडले. हा पराभव झाला बर्न शहरात. हेही नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

अखेरचा सामना २२ नोव्हेंबर १९४२ रोजी ब्रातिस्लावाला झाला. जर्मनीने स्लोव्हाकियाला ५–२ असे हरवले. त्याच दिवसांत स्टालिनग्राडभोवती रशियन सैन्याचा वेढा आवळला जात होता. नंतर आंतरराष्ट्रीय सामने बंद झाले. ब्रेस्लाउच्या त्या देखण्या संघातला आडोल्फ उर्बान १९४३ साली रशियात मारला गेला. आणि त्याच वर्षी मार्चमध्ये कार्ल्सरुहेहून निघालेल्या एका गाडीतून युलियुस हिर्शला आउश्विट्सला नेण्यात आले. तो परत आला नाही. हेर्बर्गरने आपल्या अकरा-बावीस मुलांसाठी पत्रे लिहिली. ती मुले त्याच्या वहीत होती. हिर्शचे नाव वहीबाहेर गेले होते. हिर्शला वाचवणे हेर्बर्गरच्या हातात होते असे मला म्हणायचे नाही. पण माणूस आपल्या दयेचे कुंपण कोठे घालतो, हे पाहणे इतिहासाचे काम आहे.

युद्ध संपल्यावर विजेत्यांनी जर्मनांची चौकशी मांडली. प्रत्येकाला एका वर्गात बसवायचे होते : मुख्य अपराधी, अपराधी, कमी अपराधी, मिटलॉयफर, निर्दोष. हेर्बर्गरची गणना मिटलॉयफर या चौथ्या वर्गात झाली. या शब्दाचा अर्थ 'सोबत धावणारा'. निकालपत्र लिहिणाऱ्याच्या मनात विनोद नसणार. परंतु दुसऱ्यांना धावायला शिकवण्यात ज्याने जन्म घालवला, त्याच्यावर न्यायासनाने मारलेला हा शिक्का मला फार बोलका वाटतो. हा पुढे धावला नाही, दिशा याने ठरवली नाही, कोणाला पायाखाली तुडवले नाही. सगळे धावत होते म्हणून हाही धावला. लाखो जर्मन याच वर्गात बसले. थोडक्यात, देशाचा देश.

हेर्बर्गरचा संसार दुसऱ्यांदा उभा राहिला. कोलोनच्या क्रीडा विद्यालयात तो नवे प्रशिक्षक घडवू लागला आणि १९५० साली पश्चिम जर्मनीच्या राष्ट्रीय संघाची सूत्रे पुन्हा त्याच्याकडे आली. युद्धोत्तर पहिला सामना श्टुटगार्टला स्वित्झर्लंडशी झाला आणि जर्मनीने तो एका पेनल्टीवर १–० असा जिंकला. तारीख होती २२ नोव्हेंबर १९५०. ब्रातिस्लावाच्या सामन्याला त्या दिवशी बरोबर आठ वर्षे झाली होती. प्रशिक्षक तोच. मधल्या आठ वर्षांत काय काय झाले ते मैदानावरच्या हिरवळीने कोणाला सांगितले नाही.

फ्रिट्स वाल्टर जिवंत परतला होता, त्याची हकीकत त्याने स्वतःच लिहून ठेवली आहे. रशियनांच्या कैदेत पूर्वेकडच्या एका तळावर असताना पहारेकऱ्यांच्या खेळातला चेंडू त्याच्याकडे आला आणि त्याने तो परतवला. एका हंगेरियन पहारेकऱ्याने त्याला ओळखले. १९४२ साली बुडापेस्टला जर्मनीने हंगेरीला ५–३ असे हरवले होते, तो सामना या माणसाने पाहिला होता. रशियाला जाणाऱ्यांच्या यादीतून वाल्टरचे नाव वगळले गेले. आता हाच वाल्टर हेर्बर्गरचा कर्णधार होता, आणि १९५४ च्या विश्वचषकात गाठ पडणार होती हंगेरीशीच.

त्या हंगेरियन संघाची महती आजच्या पिढीला सांगावी लागेल. मे १९५० पासून तो एकही सामना हरला नव्हता. १९५२ चे ऑलिंपिक सुवर्णपदक त्याचे. नोव्हेंबर १९५३ मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला ६–३ आणि पुढच्या मे महिन्यात बुडापेस्टला ७–१ असे लोळवणारा पुश्काश, हिदेगकुटी, कोचिश, त्सिबोर यांचा हा संघ. याउलट जर्मन संघात सारे क्लबांच्या तुटपुंज्या मानधनावर खेळणारे. त्यांतले पाच जण एकट्या कायझरस्लाउटर्नचे.

हेर्बर्गर हिशेबी होता हे वर आलेच आहे. स्पर्धेचे नियम त्याने वकिलाने कायदा वाचावा तसे वाचले होते. गटातल्या चार संघांपैकी दोघांना मानांकन. मानांकित संघ एकमेकांशी खेळायचे नाहीत, आणि बिगरमानांकितांनीही एकमेकांशी खेळायचे नाही. दुसऱ्या जागेसाठी गुण समान झाले, तर फेरसामना. जर्मनीने तुर्कस्तानला ४–१ असे हरवले. पुढचा सामना हंगेरीशी. हरलो तरी तुर्कस्तानशी पुन्हा गाठ पडेल आणि त्याला आपण हरवू, असा हिशेब करून हेर्बर्गरने सात खेळाडू बदलले आणि बाझेलला हंगेरीकडून ३–८ असा मार खाल्ला. जर्मनीहून गेलेले प्रेक्षक संतापले. त्याच्या नावाने शिव्यांची पत्रे आली. त्याने ती वाचली आणि फाइलला लावली. फेरसामन्यात तुर्कस्तान ७–२ असे हरले. मग युगोस्लाव्हियावर २–० आणि उपांत्य सामन्यात ऑस्ट्रियावर ६–१ अशी मात करून जर्मनी अंतिम सामन्यात दाखल झाली. हंगेरीला मात्र ब्राझील आणि उरुग्वे यांच्याशी झुंजावे लागले, आणि बाझेलच्या त्या सामन्यात पुश्काशचा घोटा दुखावला होता.

४ जुलै १९५४. बर्नचे मैदान. सकाळपर्यंत कोरडे असलेले आभाळ दुपारी फुटले. युद्धात मलेरियाने पोखरलेल्या वाल्टरला ऊन सोसत नसे. पाऊस हा त्याचा सखा. आडी डास्लर हा बुटांचा कारागीर संघाबरोबर होता. बुटांच्या तळाला लागणारे खिळे आट्यांनी बसवता-काढता येतील, अशी सोय त्याने केली होती. चिखल पाहून लांब खिळे बसवण्यात आले. तरीही पहिल्या आठ-नऊ मिनिटांत हंगेरीचे दोन गोल झाले. मॉर्लॉकने एक फेडला, रानने दुसरा. मध्यंतराला २–२. मग हंगेरीचा भडिमार सुरू झाला. चेंडू गोलखांबाला लागून परतला, रेषेवरून परतवला गेला, गोलरक्षक टुरेकच्या हातांत विसावला. ८४ व्या मिनिटाला रानने डाव्या पायाने तिसरा गोल मारला. अखेरच्या मिनिटांत पुश्काशने चेंडू जाळ्यात घातला. रेषापंचाने ऑफसाइडचे निशाण वर केले. ३–२.

तेरा वर्षांपूर्वी ज्या शहरात हरून गोबेल्सचा कोप ओढवला होता, त्याच शहरातून हेर्बर्गर शिष्यांच्या खांद्यांवरून बाहेर पडला. जर्मनीत लोक रस्त्यांवर येऊन रडले. "आम्ही पुन्हा कोणीतरी झालो" असे जो तो म्हणू लागला. पश्चिम जर्मनीचा खरा जन्म त्याच दिवशी झाला, असे कित्येकांनी लिहिले आहे. मला ते पटत नाही. त्या दिवशी एका दमलेल्या समाजाला मागे न पाहण्याची एक सुंदर सबब मिळाली, इतकेच मी म्हणेन. मैदानावरच्या जर्मन प्रेक्षकांनी राष्ट्रगीताचे जुने, सर्वांवर स्वामित्व सांगणारे कडवे गायले. म्युनिकच्या सत्कारात फुटबॉल संघटनेच्या अध्यक्षाने असे भाषण ठोकले, की बव्हेरियाच्या नभोवाणीने त्याचे प्रक्षेपण मध्येच तोडले. अखेर राष्ट्राध्यक्ष टेओडोर हॉइस या वृद्ध विचारवंताला बर्लिनमध्ये सांगावे लागले, की चेंडूला चांगली लाथ मारणे म्हणजे चांगले राजकारण नव्हे. या साऱ्या गदारोळात हेर्बर्गर राजकारणावर बोलला नाही. तो पुढच्या सामन्याविषयी बोलला. "सामना संपला म्हणजे पुढच्या सामन्यापूर्वीची वेळ सुरू झाली" हे त्याचेच वचन. खेळाडूसाठी ते शहाणपणाचे आहे. राष्ट्रासाठी ते तितकेसे शहाणपणाचे आहे का?

विजयावर एक सावलीही आहे. त्या संघातले अनेक खेळाडू पुढे काविळीने आजारी पडले. खेळाडूंना इंजेक्शने दिली होती; डॉक्टरांनी ती जीवनसत्त्वाची असल्याचे सांगितले. अलीकडे काही संशोधकांनी उत्तेजक द्रव्याचा संशय बोलून दाखवला. तो सिद्ध झालेला नाही. तिकडे बुडापेस्टला पराभवानंतर लोक रस्त्यांवर उतरले, आणि दोनच वर्षांनी १९५६ च्या उठावात तो अपूर्व संघ फुटला. पुश्काश देशोधडीला लागला.

हेर्बर्गरची पुढली दहा वर्षे उताराची. १९५८ साली स्वीडनमध्ये सदतिसाव्या वर्षी वाल्टरला पुन्हा आणून त्याने उपांत्य फेरी गाठली. तेथे यजमानांनी ३–१ असे हरवले. १९६२ साली चिलीत युगोस्लाव्हियाने एका गोलाने बाहेर घालवले. १९६३ साली बुंडेसलीगा सुरू झाली आणि खेळाडूंनी उघडपणे पैसा घेण्याला मान्यता मिळाली. बेचाळीस वर्षांपूर्वी दहा हजार मार्कांपायी बाटलेल्या माणसाला काय वाटले असेल! १९६४ साली त्याने हेल्मुट शेनच्या हाती सूत्रे दिली. त्याच्या अमलाखाली जर्मनी १६७ सामने खेळली. ९४ जिंकली, ४६ हरली, २७ बरोबरीत सुटले. अखेरचा सामना ७ जून १९६४ रोजी झाला, फिनलंडविरुद्ध, हेल्सिंकीला. जेथे चोवीस वर्षांचा झेप प्रथम देशाकडून धावला होता, तेथेच सदुसष्ट वर्षांचा हेर्बर्गर थांबला. वर्तुळ पुरे झाले, असे म्हणून मी येथेच लेख संपवला असता.

पण त्याच्या कागदांत आणखी एक प्रकरण आहे. लहानपणचे दैवत गॉटफ्रीड फुक्स नाझींच्या हातून निसटून कॅनडात पोहोचला होता आणि नाव बदलून माँट्रियलला राहत होता. हेर्बर्गरचा त्याच्याशी पत्रव्यवहार होता. मे १९७२ मध्ये म्युनिकच्या नव्या ऑलिंपिक मैदानाचे उद्घाटन जर्मनी-रशिया सामन्याने व्हायचे होते. साठ वर्षांपूर्वी रशियावर दहा गोल करणाऱ्या फुक्सला त्या सामन्यासाठी सन्मानाने बोलवावे, त्याच्यावर झालेल्या अन्यायाची तेवढीच भरपाई होईल, असे हेर्बर्गरने फुटबॉल संघटनेला सुचवले. संघटनेने नकार दिला. खर्चाचा प्रश्न होता, आणि तसा पायंडा पडला असता म्हणे! फुक्स त्याच वर्षी फेब्रुवारीत माँट्रियलला वारला. सामना ठरल्याप्रमाणे झाला. जर्मनीने तो ४–१ असा जिंकला.

पंचाहत्तरीला टेकलेल्या माणसाने उशिरा लिहिलेल्या या पत्राला किती वजन द्यावे? त्याने हिर्श परत येत नाही. १ मे १९३३ पुसला जात नाही. पण ज्या वहीतून एक नाव गळू दिले होते, त्या वहीत म्हाताऱ्याने ते आपल्या हाताने परत लिहिले. उशिरा लिहिले, आणि तरी ते लिहायला त्याच्या देशात त्या वेळी फारसे कोणी पुढे आले नव्हते.

हेर्बर्गर २८ एप्रिल १९७७ रोजी मानहाइमला वारला. आदल्याच संध्याकाळी जर्मनीने उत्तर आयर्लंडला ५–० असे हरवले होते.

हे वर्ष माझ्याही लक्षात आहे, पण दुसऱ्या कारणाने. १९७५ साली मी नुकताच शाळेत लागलो होतो. आणीबाणी पुकारली गेली, आणि एके रात्री आमच्याच शाळेतल्या एका सहकाऱ्याला पोलीस घेऊन गेले. सकाळी त्याचे तास मला देण्यात आले. त्याच्या टेबलावरचे पुस्तक खूण घातलेल्या पानापाशी उघडून मी पुढचा भाग शिकवायला सुरुवात केली. मुलांनी विचारले, "सर कुठं गेले?" मी म्हणालो, "पुढचं वाचा." एकोणीस महिने मी ते तास नीट घेतले. त्याच्या घरी मात्र एकदाही गेलो नाही. घरी म्हातारी आई होती, माझी नोकरी कायम व्हायची होती. १९७७ साली तो सुटून आला. शिक्षकांच्या खोलीत सर्वांदेखत त्याने मला एवढेच विचारले, "पोर्शन पुरा केलास ना?" मी "हो" म्हणालो. त्याने मान हलवली. त्या प्रश्नात उपरोध होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेले नाही, आणि आता विचारायला तो नाही.

म्हणून माझ्या स्नेह्यांना मी सांगितले, की इतिहास सोडलेला नाही. मिटलॉयफर हा शब्द मराठीत कसा आणावा, याचा मी बराच विचार केला. शब्दकोशाची गरज पडली नाही.